गाडीच्या छताला घोंगडी

आमची पोर पिशोरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला पुंडलिकनगरला आणायची होती, अन् ती माझ्याच गाडीतून. गाडी जुनी, एसी नाय. उन्हात तव्यावानी तापायची, अन् खडखडाट असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं. पोरीच्या सासूबाई फोनवर म्हणल्या, "पाव्हणं, आतून छताला हात लावून बघीन. भाजला तर पोर इथंच राहील."

म्हणलं, लावा!

मेकॅनिक म्हणला, छताला आतून काळी चिकट शीट लावा, उष्णता अन् आवाज दोन्ही अडतील. शाळा मी चौथीबी नाय केली, पण वाळूजला पत्रा ठोकण्यात उमर गेली माझी. वाजणाऱ्या पत्र्यावर पोतं टाकलं की तो गप होतो. अन् ऊन कशानं अडतं, हे मेंढक्याच्या घरात जन्मलेल्याला कुणी सांगावं? छताचं अस्तर काढलं, चिंचोक्याची खळ शिजवली, दोन घोंगड्या पत्र्याला चिटकवल्या. बायको म्हणली, "गाडीला थंडी वाजती का काय?" बोलू दिलं. पायाखालीबी घोंगडी अंथरली. चारी दरवाजांत लोकर ठासून भरली. टिचकी मारली. ठण्ण नाय, ठप! लई खूष झालो. सगळ्या गल्लीला टिचक्या मारायला लावल्या.

सकाळच्या गारव्यात निघालो. ऊन चढल्यावर काच खाली घ्यायला गेलो, तर हलंना. तवा उजेड पडला. काच उतरून जाती कुठं? दरवाजातच ना! तिथं तर मी लोकर ठासलेली. पण माघारी फिरणाऱ्यातला मी नाय.

"पोहत आलात का?" माझा घाम बघून विहीणबाई म्हणल्या. गाडी तासभर भर उन्हात ठेवायला लावली. मग आत बसून छताला हात लावला. काढला. परत लावला. "गार हाय की वो!" माझी छाती फुगली, तोच म्हणल्या, "आता काच खाली घ्या. वारं नको का पोरीला?"

मी पेचकस काढला. अंगणातच दरवाजांचे आतले पुठ्ठे खोलले अन् लोकर उपसायला लागलो. ढीग वाढतच चालला. व्याही हसून म्हणले, "लेक न्यायला आलात का मेंढरं कातरायला?"

"दोन्ही," म्हणलं.

काचा सर्रकन उतरल्या. विहीणबाईंनी स्वतः पोरीला हात धरून बसवलं.

अर्ध्या वाटेत मागून बारीक आवाज आला. इंजिन बिघडलं का काय म्हणून कान दिला. पोर घोरत होती. माझ्या गाडीत माणसाचं घोरणं ऐकू येत होतं!