ठिपकी कुठं गेली

जत तालुक्यातल्या बिराप्पांची प्रांजल सांगलीला शिकायला आली तेव्हा तिला दोनच गोष्टी येत होत्या, असं तिची खोलीतली मैत्रीण क्रांती सांगत फिरायची: मेंढरांची तोंडं ओळखायची आणि कारण नसताना हसायचं. क्रांती साताऱ्याकडची, उसाच्या घरातली, बाप फौजेत सुभेदार. तिचं बोलणं कुणी मनावर घेऊ नये. पण हसण्याचं मात्र खरं होतं. पहिल्या खेपेला जावा या संगणकाच्या भाषेत नापास झाली तेव्हासुद्धा प्रांजल आधी हसली आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली.

आता ही दुसरी खेप, आणि शेवटची. बॅक, म्हणजे हा मागं राहिलेला विषय, निघाली नाही तर वर्ष पाण्यात आणि विश्रामबागेतली खोली सोडून घरी. वडिलांनी, आबांनी, रागानं नव्हे, मायेनंच सांगितलं होतं, "न्हाई जमलं तर ये की माघारी. मेंढरं हायतच." मेंढरं तिला जीव की प्राण. पण तिला माघारी जायचं नव्हतं. आपण लिहिलेलं संगणकानं ऐकलं की तिला जे उधाण यायचं ते दुसऱ्या कशानंच येत नव्हतं.

मग तिनं घोकंपट्टी दिली सोडून आणि अख्खा जावा आपल्या रानात नेला. इंटरफेस म्हणजे काय? धनगर म्हणवून घेतलंस ना, मग कळप हाकता आला पाहिजे; शीळ घालून हाक नाहीतर काठी आपटून, तुझी मर्जी. तसंच कम्पेअरेबल म्हणवून घेतलं की दोघांत पुढं कोण आणि मागं कोण, हे सांगता आलं पाहिजे. कशावरून सांगायचं ते तू ठरव. एवढं डोक्यात शिरलं त्या दुपारी प्रांजलबाई पलंगावर चढून नाचली. खालच्या घरमालकीणबाई झाडू घेऊन वर आल्या.

प्रॅक्टिकलला प्रश्न आला: आवडीच्या कुठल्याही वस्तूंचा क्लास, म्हणजे साचा, लिहा, त्या ट्रीसेटमध्ये भरा, क्रमानं छापा. ट्रीसेट म्हणजे आत टाकलेलं आपोआप क्रमानं लावणारी पिशवी. एकच जिन्नस दोनदा आला तर ती घेत नाही. कुणी मोटारी लिहिल्या, कुणी मोबाइल. क्रांतीनं हुद्द्याप्रमाणं फौज उभी केली. प्रांजलनं मेंढ्या लिहिल्या, नाव आणि वय, क्रम वयावरनं. बांडी, कानुली, मोरी, ठिपकी, सगळ्या घरच्याच. बटण दाबलं. पडद्यावर नावं उमटली, कुठं चुकीची लाल ओळ नाही.

बाहेरून आलेले परीक्षक मागं उभे होते. "छान," म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

आता गप बसायचं की नाही? शहाणं माणूस गप बसलं असतं. पण संध्याकाळी मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, शिरताना दारात उभं राहून एकेकीचं तोंड बघायची जन्माची सवय हिला. त्यात मोजणं नसतं; कोण आलं नाही ते बघताबघता कळतं.

"सर, थांबा," प्रांजल म्हणाली. "ठिपकी कुठं गेली?"

आणि आपण कुठं बसलोय हे विसरून ती जिभेनं टॉक टॉक करत, घरी हाळी देतात तशी, पडद्यालाच हाळी द्यायला लागली. अख्खी लॅब वळून बघायला लागली. क्रांती दात-ओठ खात कुजबुजली, "गप की गं, पास करत हुते तुला."

पण प्रांजलला सापडलं होतं. मोरी आणि ठिपकी एकाच वयाच्या. तुलनेचं उत्तर शून्य आलं, पिशवीला वाटलं ही तीच मेंढी, आणि मागून आलेल्या ठिपकीला तिनं दारातनंच हाकललं.

"वय एक म्हणून मेंढी एक व्हय रं?" तिनं संगणकाला झापलं आणि ओळ वाढवली: वय सारखं असेल तर नावावरनं बघ. पुन्हा बटण दाबलं. ठिपकी आली, मोरीच्या एक पाऊल पुढं.

"मी मार्क देतच होतो," सर म्हणाले. "गप्प का नाही बसलीस?"

"मेंढरू बाहेर राहिलं तर जेवण जात न्हाई, सर."

तेवढ्यात क्रांतीचा पडलेला आवाज आला, "सर, मी दोन हवालदार भरलेवते. एकच दिसतोय." मग काय, जो तो आपापलं हुडकायला लागला. मोटारी गेलेल्या, मोबाइल गेलेले, लॅबमध्ये नुसता गोंधळ. सर टेबलाला टेकून हसत होते. हसताहसताच म्हणाले, "मेंढीवाली, तुझी बॅक निघाली. जा."

तिनं कॉलेजच्या फाटकाबाहेर येऊन फोन लावला. "आबा, पास झाले. आता हितंच ऱ्हाणार मी." आणि ठिपकीची सगळी हकिकत एका दमात सांगितली.

आबा म्हणाले, "थांब, तिलाच देतो."

फोनमधून चघळण्याचा आवाज आला, मग एकच लांब बें. प्रांजल या खेपेला आधी रडली आणि मग हसली.