खुडूक कोंबडी आणि वरचे काका

मंडळी, ऑफिसातून येताना इंटरनेट कॅफेत शिरलेय, कारण आज घरी जायचं जिवावर आलंय.

आमची तांबडी कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसल्याचं तुम्हाला लिहिलं होतं ना? आम्ही तळमजल्यावर. मागच्या अंगणात, मिरच्यांच्या वाफ्याशेजारी टोपलीत तिला बसवून तिच्याखाली मीच अंडी मांडली. पिल्लं निघायचे तीन आठवडे कधीच उलटले. ती दाण्यापुरती उठते, वाळून काडी झालीय.

आज सकाळी सासूबाई नणंदेकडून परत आल्या. त्या मूळच्या बोनकोड्याच्या, सगळा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेला. त्यांनी एक अंडं कानाशी धरून हलवलं. आत नुसतं पाणी.

"अगो, कोंबराच नाय, त पिल्ला कशी होतील?"

मी मुंबईच्या चाळीत वाढलेली. अंडं उबवलं की पिल्लू निघतं, एवढंच मला ठाऊक. आणि कोंबडा तर आम्ही दिवाळीतच देऊन टाकला होता. त्याच्या आरवण्याने वरच्या मजल्यावरच्या काकांची झोप मोडायची, त्यांनी सोसायटीत तक्रार केली होती.

अंडी टाकून दिली. तांबडी रिकाम्या टोपलीत जाऊन बसली. उचलून बाहेर ठेवली, पुन्हा जाऊन बसली. शेवटी मीच दमले.

तेवढ्यात काका चहाचा कप घेऊन खाली आले. हल्ली रोज येतात. खिशातून तांदळाच्या कणीची पुडी काढून म्हणाले, "पिल्लांना ही चालेल ना? कधी निघतायत?"

मी म्हटलं, "बघू उद्या."

उद्या काय सांगू त्यांना?