जाळीपुढची मुकी सून

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा बराच झाला, पण त्यातला पहिल्या नंबरचा हा: नवरा तुरुंगात असताना मी भेटायला गेले, जाळीपुढं उभी राहिले आणि वेळ संपेपर्यंत एक शब्द बोलले नाही. घसा बसला नव्हता. रुसलेही नव्हते. शेजारी सासरे उभे होते, एवढंच.

आता नाती हे ऐकून हसून लोळतात. ज्या नानीला गप्प करायला घरातले हात जोडतात, आमचे हे तर सरळ उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, ती नानी कधीकाळी मुकी होती यावर कोण विश्वास ठेवेल? पण तेव्हा मी तिशीच्याही आतली, दोन पोरींची आई. सासऱ्यांपुढं नवऱ्याशी बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, याचं मला कोण कौतुक! आमच्या इस्लाम धर्मात सासऱ्यापुढं असा काही पडदा नाही बरं का. हे आमचं मराठवाड्याचं. पलीकडच्या गल्लीतल्या पाटलीणबाई आणि मी, या एका बाबतीत सख्ख्या बहिणी.

गेवराईत सासऱ्यांचं बांगड्यांचं दुकान. हेही तिथंच बसायचे आणि रात्रीच्या, इशाच्या नमाजनंतर मशिदीत चार-सहा जणांबरोबर दीनी, म्हणजे धर्माची किताबं वाचायचे. वाचायचे, वाद घालायचे, चहा प्यायचे. या बैठका भरवणारी एक संघटना होती. पुढं तिच्यावर बंदी आली. बैठका थांबल्या, पण किताबं फळीवरच राहिली आणि ओळखी कुठं जाणार होत्या? एका दुपारी पोलीस आले. किताबं गोणीत भरली आणि यांना जीपमध्ये. काही वर्षांनी कोर्टानं निर्दोष म्हणून सोडलं, पण ते फार नंतर. त्या दिवशी यांनी काय केलं म्हणून विचारलं, तर उलट आम्हालाच सवाल: कुणाकुणाबरोबर उठबस होती ते सांगा. म्हणजे उठबस हाच गुन्हा.

मग आमच्याशी उठबस कोण करणार? ज्या बायका बांगड्या भरताना सासऱ्यांपुढं हात सोडून आपल्या सासवांची गाऱ्हाणी सांगायच्या, त्या समोरच्या दुकानात जायला लागल्या. आमच्या मोहल्ल्यातले तर त्याहून घाबरलेले. रमजानात मी नेहमीसारखी शेजारी ताटं पाठवली. दुसऱ्याचं ताट रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा आपल्याकडं सगळ्यांचाच रिवाज. त्या वर्षी माझी ताटं घासूनपुसून लख्ख परत आली. रिकामी. मी ती पालथी घातली आणि पुन्हा पाठवली नाहीत.

अशात माझे दोघे भाऊ माहेराहून, कड्याहून आले. थोरला म्हणाला, "ऊठ, पोरींना घे अन् चल. हितं ऱ्हायलीस तर उद्या ह्या पोरी कोन करून घेनार?" मी त्यांना चहा दिला आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं. हेच माझं उत्तर! मला जायचं नव्हतं. जायचा विचारही मनाला शिवला नव्हता. पण "जात नाही" हे तोंडानं कुणालाच सांगितलं नाही, ना भावांना ना सासऱ्यांना. पीठ मळलंय म्हणजे ज्यानं त्यानं समजून घ्यावं. अशी मी हुशार.

भाऊ दोन दिवस बसून परत गेले आणि थोड्याच दिवसांत बीडला भेटीची परवानगी मिळाली. दोन जाळ्या, मधे हातभर मोकळी जागा, आणि दोन्हीकडून माणसं एकदम ओरडतात. खासगी बोलायचं ते बोंबलूनच. माझ्या शेजारची बाई ओरडत होती, "म्हैस व्याली! अन् तुझ्या भावानं हिरीवरची मोटार जाळली बघ!" तिला कुणाची लाज नव्हती. मला वाटलं, काय ही अडाणी बाई.

हे जाळीला चिकटले. वाळले होते. आधी वडलांना सलाम केला, मग माझ्याकडं बघून ओरडले, "तुजे भाऊ आलते म्हनं! जानार हायस का?" कुणीतरी बातमी आत पोचवली होती.

मी नकाब आणखी खाली ओढला.

"अगं बोल की! जानार हायस का?"

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. मान हलवली, पण दोन जाळ्यांतून बुरख्यातली मान कुणाला दिसणार? वाटलं, सासरे सांगतील. सासरेही गप्प. मला वाटलं, सून रीतीनं वागतेय म्हणून मनातून खूश असतील. त्यांनाही उत्तर ठाऊक नव्हतं, तेही कान लावून उभे होते, एवढं माझ्या डोक्यात शिरलं नाही. शिपाई म्हणाला, "चला, झालं." हे मागं बघत बघत गेले.

पुन्हा जायचं ठरवलं, तर यांना कुठल्या लांबच्या जेलात हलवलेलं. भेट बंद. पत्र टाकलं, पण पत्र आधी साहेब वाचतात म्हणे, म्हणून लिहिलं काय, तर इकडे सर्व खुशाल. मग पोरी शाळेत गेल्या की घरात मी आणि भिंत. भिंतीला मी रोज सांगायचे, "जात नाही हो, कुठं जाऊ?" भिंतीपुढं काय सुरेख बोलता यायचं मला! आणि तिकडं ते, मी गेले असं धरून बसलेले. अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा असाच गेला.

शेवटी भेटीचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मी वाटेसाठी दशम्या करत होते. सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले, नेहमीसारखे खाकरले, पण पाण्याचा तांब्या मागितला नाही. दाराबाहेरच, माझ्याकडं न बघता बोलले. एका दमात एवढं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"दुल्हन, उद्या मी संगं येतो, पन जाळीपाशी येत न्हाई, लांब पाठ करून उभा ऱ्हातो. तुला काय वरडायचं ते वरड. अन् माहेरी जायाचं असलं तर तेबी त्यालाच सांग. मला मातर घरी पोचल्यावर सांग, वाटंत न्हाई. परतीचा रस्ता लई लांब हाय."