गाद्यांच्या गोदामातला पुटपुट्या

दोन हजार एकोणीस साल, आणि तो एकोणीस वर्षांचा. सालाचा आकडा आणि त्याचं वय बरोबरीनं चालायचं, त्यामुळे मला ते कधी विसरता आलं नाही. दुसरी न विसरण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचे ओठ. ते कधी थांबत नसत. सायकलवर असो, नळाच्या रांगेत असो, न्हाव्यापुढं मान वाकवून बसलेला असो, ओठ आपले हलत राहायचे, आवाज मात्र नाही. बडनेऱ्यात आमच्या गल्लीत काही बायांना वाटे पोरगा नामजप करतो. बाकीच्यांना वाटे डोक्यावर परिणाम झाला. गल्लीनं त्याचं नाव पुटपुट्या ठेवलं आणि तेच चाललं.

माझं बिछायत केंद्र. लग्नाला, तेरवीला, सप्त्याला लागणाऱ्या गाद्या, सतरंज्या, कनाती, लोड, आणि एक माइक-भोंग्याचा सेट. मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढं शिकलो नाही याचं मला दुःख नाही. या भागातल्या कितीतरी नवरानवरी माझ्या गादीवर बसून उठले, त्यांची पोरं आता त्याच गाद्यांवर बसतात. मी कोणाच्या सांगण्यानं कधी गादीची खोळ बदलली नाही, की भोंगा विकला नाही. डीजे आले तेव्हा लोक म्हणाले, आबाजी, भंगारात घाला. मी घातला नाही. हे माझं सांगून झालं, आता त्याचं सांगतो.

पितरपाटाच्या दिवसांत तो दुकानात आला. पितरपाटात लग्न नाही, मुंज नाही, सगळ्या गाद्या गोदामात छतापर्यंत रचलेल्या. म्हणाला, "आबाजी, तुमच्या गोदामात आवाज मरते. मले तिथं बसू द्या."

मला राग आला. माझ्या गोदामात काही मरत नाही, म्हणालो. तो मला आत घेऊन गेला, दार लावलं आणि टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विझली. कापसानं ती पिऊन टाकली. घरी पंखा बोलतो, शेजारचा कुकर बोलतो, आणि बडनेऱ्याचं जंक्शन तर दिवसभर बोलतंच, मग तालात बोलायचं माझं गाणं फोनवर कुठं भरू, असं त्याचं म्हणणं. मी कवाडाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीकडे पाहत राहिलो. तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते, वर जाताहेत की खाली येताहेत ते कळत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्या जागी नुसता उभा असा राहिलो नव्हतो.

बसू दिलं, पण माझ्या अटींवर. चपला बाहेर. तंबाखूचा खर्रा खाऊन आत यायचं नाही. आणि शिवी द्यायची नाही, कारण त्या गाद्यांवर नव्या नवऱ्या बसतात. तिसऱ्या अटीवर तो अडला. या गाण्यात शिव्या लागतातच, म्हणाला, मुंबईची पोरं देतात. मी म्हटलं, मुंबईच्या पोरांच्या गाद्या वेगळ्या असतील. मग त्यानं सांगितलं की त्याच्या नावातच एमसी आहे. मी ते ऐकलं आणि सरळ उठून दार उघडलं. ही शिवी नव्हे, गाणाऱ्याला तसं म्हणतात, हे तो मला रस्त्यापर्यंत समजावत आला. मी ऐकलं नाही. पुढं त्यानं नावातून ते काढून टाकलं आणि गाण्यातूनही. जिथं शिवी बसत होती तिथं दुसरा शब्द शोधताना त्याचे ओठ दिवसदिवस चालत.

माझा माइक त्यानं मागितला. चांदीच्या रंगाचा, जड. देताना मी तो दोन्ही हातांनी दिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर माइकवर पायमोजा चढवलेला. ज्या माइकवर लग्न लावणाऱ्या महाराजांनी मंगलाष्टकं म्हटली, त्यावर पायमोजा. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "धुतलेला हाये, आबाजी. 'प' म्हटलं का फुंकर बसते, थे अडते यानं." मी घरी गेलो आणि बायकोला माझा नवा लोकरीचा मोजा द्यायला सांगितला. माझ्या माइकला बाजारातला नायलॉनचा मोजा मी चालू देणार नव्हतो.

त्याचं गाणं आमच्या तिथींवर चालायचं. तुळशीचं लग्न लागलं की गाद्या बाहेर निघत, गोदाम रिकामं, घुमू लागे, आणि तो गप्प. तिथी संपल्या की गाद्या परत, गाणंही परत. मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. लग्नं थांबली, माझी एकही गादी हलली नाही. धंद्याचं जे व्हायचं ते झालं. पण त्या वर्षी मी रोज दुपारी गोदामाबाहेर खुर्ची टाकून बसे. स्टेशनावरून एकही गाडी नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आतून त्याचा आवाज गाद्यांतून गाळून येई, शब्द नाही, नुसता ठेका. डुलकी लागे. स्वप्नात मला माझ्या बापाची बैलगाडी दिसे, चांदूर बाजारच्या वाटेवर, बैल त्याच ठेक्यावर पावलं टाकताहेत. जाग आली की ठेका चालूच असे.

ते गाणं मला आवडत होतं असं कोणी समजू नये. गाणं म्हणजे सूर लागतो. हे भांडण होतं, तालात केलेलं. पण भांडण चांगलं होतं.

गाड्या सुरू झाल्यावर तो अकोल्याला जाऊ लागला. तिथं एका बागेत रविवारी पोरं जमत, गोल करून उभी राहत, एक जण तोंडानं ढोल वाजवी आणि बाकीचे आळीपाळीनं बोलत. मला सतरंज्या पाहायला अकोल्याला जायचं होतं, म्हणून एकदा त्याच्याबरोबर गेलो. पोरं सगळी हिंदीत, मुंबईच्या थाटात. हा आपला वऱ्हाडीत सुरू झाला तर एक कानात बाळी घातलेला हसला, म्हणे हा मले-तुले घेऊन आला, तूर विकायला आला काय. पुटपुट्या त्याच्याकडे वळला आणि ठेका न सोडता म्हणाला, "काहून बे, तुही माय तुले जेवाले काय हिंदीत बोलावते?" गोल फुटला. सगळ्यांत जास्त तो बाळीवालाच हसला. परत येताना गाडीच्या दारात दोघं बसलो. मूर्तिजापूरपर्यंत पऱ्हाटीची, फुटलेल्या कापसाची पांढरी शेतं मागं पळत होती आणि तो काही बोलला नाही. ओठही थांबलेले. मला वाटलं आजारी पडला. पण तो खूश होता.

तोच बाळीवाला पुढं पुण्याला गेला, तिथं खोली घेतली, आणि याला बोलावू लागला. तिघंचौघं मिळून दिवसा काम करायचं, उरलेल्या वेळात गाणी करायची. याचा जीव तिथं लागला. पण बाप 'जा' म्हणेना, आणि बापानं म्हटल्याशिवाय हा जाईना. मी म्हटलं, मोठा झालास, निघून जा. म्हणाला, "पळून गेलो तर गाण्यात काय सांगू, आबाजी?"

बाप म्हणजे सुधाकर. एसटीचा ड्रायव्हर, अमरावती-अकोला. सरळ माणूस, बोलायला कंजूस. पोरानं पोलीस भरतीत उतरावं एवढंच त्याचं म्हणणं. पोरगा मैदानावर पळायला जायचाही, दम वाढतो म्हणून. तो दम तो कुठं खर्च करायचा ते बापाला माहीत होतं.

मग त्याच्या बहिणीचं, शीतलचं, जुळलं. धामणगावचे पाहुणे आले तेव्हा सुधाकरनं मला वडीलधारा म्हणून बसवलं होतं. त्यांनी विचारलं, पोरगा काय करतो. सुधाकर खाली पाहू लागला. मी म्हटलं, तो रॅपर आहे. मला त्यानंच तसं सांगितलं होतं आणि मी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. अकोल्याला का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, अकोल्याला जाऊन येऊन असतो. चांगलं आहे, पाहुणे म्हणाले, डाळीच्या पाकिटांचं काम आता वाढलंच आहे. लग्न ठरलं. बिस्किटाच्या कागदाला आणि या पोराला एकच शब्द कोणी ठेवला त्याला विचारा. मी खोटं बोललो नाही, आणि आजही तेच म्हणतो.

हळदीच्या दिवशी ते फुटलं. नवरदेवाच्या भावानं फोनवर याचं गाणं सगळ्यांसमोर लावलं, आणि धामणगावची मंडळी हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली. सुधाकरला ते सोसलं नाही. आमच्याकडे घरचं कोणी मंगलाष्टक म्हणतं, आणि त्यात दोन्हीकडच्या मामा-काका-आत्यांची नावं गुंफायची असतात. एक नाव राहिलं तर ते घर वर्षभर रुसतं. ते मंगलाष्टक शीतलनं भावाकडे दिलं होतं. सुधाकर पोराजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "बहिणीनं सांगतलं म्हणून म्हण. पण माह्यं नाव तुह्या तोंडातून घेऊ नको." मी शेजारीच लोड मोजत होतो, म्हणून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, महाराजांची मंगलाष्टकं झाली, आणि माझा माइक त्याच्या हातात आला. मोजा नव्हता, नुसती चांदी. त्यानं सुरुवात रीतसर चालीवर केली आणि मग कधी ठेक्यात शिरला ते कोणाला कळलं नाही. वलगावचे मामा, परतवाड्याची आत्या, धामणगावचे तिन्ही काका, नवरदेवाचा पणजोबासुद्धा, एका दमात, एकही सुटला नाही. ज्याचं नाव येई तो फेट्याला हात लावी. म्हाताऱ्या बाया पुढं सरकल्या.

आणि तो थांबला.

महाराज 'सावधान' म्हणणार, तेवढ्यात वलगावचे मामा म्हणाले, पोरीच्या बापाचं नाव राहिलं. कुजबुज सुरू झाली. लोकांच्या मुठीत अक्षता तशाच. धामणगावचे मोठे काका म्हणाले, हे बरं नाही. महाराजांनी घड्याळ पाहिलं, मुहूर्त चालला होता. शीतल मान खाली घालून उभी, हार हातात. पुटपुट्या माइक छातीशी धरून बापाकडे पाहत होता. चूक झाली म्हणाला असता तरी सुटला असता. त्यानं तसं म्हटलं नाही, आणि बापानं मना केलं हेही सांगितलं नाही. सगळ्यांची बोलणी अंगावर घेत नुसता उभा.

सुधाकर खांबाजवळ होता. गळ्यात उपरणं, डोळे लाल, रात्रभर वाढप्यांमागं धावलेला. तोही पोराकडेच पाहत होता. मग म्हणाला, "घे. घे माह्यं नाव."

पोरानं माइक तोंडाशी नेला. हे त्यानं आधी लिहिलेलं नव्हतं, मी पैज लावतो.

"बडनेऱ्याहून निंगते गाडी, कुरुम गेलं, मूर्तिजापूर,
बोरगावले उठते जो थो, अकोला नाई आता दूर.
लोकाइच्या पोरी सासरी पोचवल्या ज्यानं जलमभर,
आज सोताची पोचवून राहिला, ड्रायवर माहा बाप सुधाकर."

महाराज 'सावधान' म्हणाले की नाही, मला ऐकू आलं नाही. अक्षता पडल्या. सुधाकरनं उपरण्यात तोंड घातलं आणि धामणगावचे मोठे काका त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

आता तो पुण्यात असतो. फार मोठा झाला असं नाही. दिवसा कुरिअरच्या ऑफिसात बसतो. गाणी फोनवर येतात, माझा नातू ऐकवतो. शिवी नाही, त्यामुळे नातवाची आईसुद्धा आडवी येत नाही. दिवाळीला येतो तेव्हा गोदामात एक दुपार झोपून जातो. गाणं म्हणत नाही, नुसता झोपतो. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो आणि कोणाला आत जाऊ देत नाही. गाद्या विकून टाका म्हणून मुलगा मागं लागला आहे. मी विकणार नाही.

लग्नाच्या दुसऱ्या सकाळी मी बडनेऱ्याच्या स्टँडवर उभा होतो, गाद्यांची गाडी मंडपावरून यायची होती म्हणून. अकोल्याची पहिली बस लागली. सुधाकरनं सुट्टी काढली होती, तरी तोच चाकावर. पोरीविना घर खायला उठलं असेल. पुटपुट्या पाठीवर पिशवी घेऊन आला. अकोल्याहून पुण्याची गाडी धरणार होता. बापानं अजून 'जा' म्हटलं नव्हतं. हा त्याच्याच बसमध्ये चढला, मधल्या सीटवर बसला. कंडक्टर ओळखीचा, म्हणाला, ड्रायव्हर साहेबांच्या पोराला तिकीट कसलं, बस बाप्पा. सुधाकरनं मागं वळून पाहिलं नाही. समोरची काच पुसता पुसता म्हणाला, "काढ त्याचं तिकीट. कामाले चालला थो."

कंडक्टरनं तिकीट दिलं. पोरानं ते खिशात ठेवलं नाही. अकोला येईपर्यंत हातातच धरून बसला होता, असं कंडक्टर सांगतो.