ताईसाठी खरवडलेली चकाकी

त्याला सगळे आरसेवाला म्हणत. आरसे त्याने आयुष्यात कधी विकले नव्हते. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, मोठी दुकानं इथल्या व्हिनाइल टाइलच्या फरश्यांवरचं जुनं, पिवळं पडलेलं वॅक्स उतरवायचं आणि नवं चढवायचं, हा त्याचा धंदा. पण त्याच्या हाताखालून गेलेल्या फरशीत छतावरचे दिवे असे दिसत, की खाली वाकून उचलून घ्यावेत.

माणूस तापट नव्हता, वैतागी होता. तापट माणूस एकदा भडकतो आणि मोकळा होतो. वैतागी माणसाला तेच दिवसभर पुरतं. थर वाळत असताना "एकच मिनिट हं" म्हणत त्यावरून चालत जाणारे साहेब, खुर्ची न उचलता ओढणाऱ्या बाया, सांडलेल्या सरबतावर कागद टाकून निघून जाणारे लोक, या सगळ्यांवर तो मनातल्या मनात आणि बायकोजवळ मोठ्यानं करवादायचा. बायको त्याच्याच बरोबर कामाला असे. मशीन तो चालवायचा, वॅक्सचा मॉप तिच्या हातात. थर पातळ आणि एकसारखा ओढायला जो शांतपणा लागतो तो त्याच्याकडे नाही, हे दोघांनाही मान्य होतं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

त्याची एक थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच शिवणयंत्रावर दोघांचं पोट भरलं आणि त्याला मोठं केलं. तो आता आजोबा व्हायच्या वयाला आला होता, तरी तिच्या लेखी बाळ्याच होता. ती एकटी राहायची, आपल्या खोलीत, आपल्या यंत्राजवळ. एका सकाळी न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. मग तिला रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत हलवलं. तिथं अशा माणसांना पुन्हा चालायला शिकवत. मधोमध लांब कॉरिडॉर, एका भिंतीला धरायला कठडा, आणि पार टोकाला काचेचं दार.

या कॉरिडॉरची फरशी कित्येक वर्षं आरसेवाल्याकडेच होती.

व्यायाम घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या, गोड बोलायच्या आणि आपल्या शब्दावरून जराही हलायच्या नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं होतं : "ताई काठी घेऊन, कुणी न धरता, टोकाच्या दारापर्यंत गेल्या की त्यांना घरी सोडायचं. नाही जमलं, तर एकट्या राहता येणार नाही. भावाकडे तरी राहावं लागेल, नाहीतर आश्रमात."

भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. आणि आश्रमाचं नाव काढलं की ताई भिंतीकडे तोंड करून झोपायची.

म्हणून आरसेवाल्यानं ठरवलं, ताई चालणार त्या दिवशी फरशी अशी झाली पाहिजे की बघणाऱ्यानं बघत राहावं. सुट्टीच्या दिवशी नवरा-बायकोनं कॉरिडॉर मोकळा करून घेतला आणि जीव ओतून काम केलं. एरवी देत त्याहून जास्त थर दिले. शेवटचा थर वाळला तेव्हा खिडकीतलं आभाळ सबंध कॉरिडॉरभर पसरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई काठी टेकत खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"पाणी सांडलंय," ती म्हणाली.

"पाणी नाही ताई, वॅक्स आहे."

"मला डोळे आहेत, बाळ्या."

"अगं, कोरडं खडखडीत आहे! हे बघ, हात फिरवतो."

"तुझा हात काय करायचाय? पाय माझे जाणार."

त्यानं बुटाची टाच आपटून दाखवली, रुमाल पसरून दाखवला, बायकोला इकडून तिकडे चालवलं. ताईनं सुनेसारख्या वागवलेल्या त्या भावजयीकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हणाली, "ती तरुण आहे." मग वळली आणि पलंगावर जाऊन बसली. तिची बोटं काठीवर पांढरी पडली होती. ते मात्र फक्त बायकोनं पाहिलं.

मॅडम त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, त्या हट्ट करत नाहीत. ओल्या फरशीवर पडलेल्या माणसाला चकाकी म्हणजे पाणीच दिसतं. दोनचार जणांचं आज असंच झालं. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"मग आता?"

"उद्या सकाळी मोठे डॉक्टर येतील. त्यांच्यासमोर चालल्या तर ठीक."

आता कुणावर वैतागायचं, हा खरा प्रश्न होता. त्यानं सगळ्यांवर थोडं थोडं वाटून टाकलं. डॉक्टरांवर, खिडक्यांवर, आभाळावर, आणि सगळ्यात जास्त ताईवर, कारण तिच्यावर वैतागायची सवय होती.

"आयुष्यभर लोकांनी तोंडात बोटं घातली माझी फरशी बघून," तो बायकोला म्हणाला, "आणि माझ्या सख्ख्या बहिणीला ती डबकं वाटते."

"मग काढा की."

"काय काढा?"

"चकाकी. कठड्याच्या बाजूनं, त्यांच्यापुरती पट्टी. आणि त्यावर ते मॅट वॅक्स द्या, बिनचमकीचं."

मॅट वॅक्सला तो शोकसभेची फरशी म्हणत असे. ज्याला काम येत नाही तो मॅट मारतो, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून त्यानं आधी पळवाट काढली. मशीनला खरखरीत काळं पॅड लावलं आणि कोरडंच फिरवलं. वरची चमक तेवढी मरेल, बाकी काम वाचेल. चमक मेली, पण जागा मिळेल तिथं मेली. गोल गोल ओरखडे उठले, मध्ये मध्ये चकाकते पट्टे राहिले, आणि खिडकीतला उजेड त्यावर पडल्यावर ते सगळं हलल्यासारखं दिसू लागलं.

बायको मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"आधी नुसतं पाणी होतं," ती म्हणाली. "आता लाटा पण आल्या."

त्यानं मशीन बंद केलं. आणि वॅक्स विरघळवणाऱ्या स्ट्रिपरचा डबा उघडला.

इन्चार्ज सिस्टरनं दुपारची वेळ दिली, जेवणं झाल्यापासून चहाची गाडी निघेपर्यंत. त्यांनी कठड्याच्या बाजूनं दोन माणसं चालतील एवढ्या रुंदीचा पट्टा आखला. बायको स्ट्रिपरचं पाणी पसरत पुढं निघाली. ते वॅक्समध्ये मुरेपर्यंत थांबायचं आणि वाळू मात्र द्यायचं नाही. वाळलं की सगळं परत घट्ट बसतं. मग मशीन फिरलं, आणि कालचं आभाळ पांढरट, चिकट राड होऊन वर आलं. कडेची राड पात्यानं खरवडायला तो गुडघ्यावर बसला. दर हातभर अंतरावर त्याच्या तोंडून एक सुस्कारा निघत होता.

"अहो, माणूस गेल्यासारखे उसासे काय टाकताय?"

"कालच जन्मलं होतं गं."

"ताईंना घरी जायचंय. तुमची फरशी कुठं जात नाही."

 खरवडण्याचा आवाज जरा भरभर यायला लागला.

राड ओढून घेतली, साध्या पाण्यानं पुसलं, परत पुसलं. इथं घाई केली तर वरचा थर पांढरा पडून भुकटी होतो, म्हणून बायकोनं त्याला घाई करू दिली नाही. मग तिनं मॅटचा थर ओढला. वाळता वाळता फरशी डोळ्यांदेखत विझत गेली. दुसरा थर संपत आला आणि चहाची गाडी खडखडत आली. सिस्टरनं हात वर केला. टोकाच्या दारापाशी चार पावलांचा तुकडा तसाच राहिला होता, चकचकीत.

"तिथवर आली की झालं," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी कुणी अडून बसणार नाही."

बायकोनं त्या तुकड्याकडे पाहिलं. तिला मॅडम माहीत होत्या.

सकाळी मोठे डॉक्टर, मॅडम, सिस्टर सगळे उभे राहिले. ताई उंबऱ्यापाशी आली. तिनं खाली पाहिलं. पायाच्या बोटांनी जरा चाचपलं. मग काठी पुढं टाकली आणि पाऊल टाकलं. एक हात कठड्यावरून घसटत होता, धरत नव्हता. आरसेवाला टोकाच्या दाराशी उभा राहून श्वास रोखून बघत होता. तिनं वाटेत एकदा थांबून पदर सारखा केला, तेव्हा त्याला ओरडावंसं वाटलं, पण बायकोनं त्याचा दंड धरला होता.

मॅट संपलं तिथं ताई थांबली.

"झालं की!" तो म्हणाला. "आलीच ती दारापर्यंत."

"दारापर्यंत म्हणजे दाराला हात लागेपर्यंत, काका," मॅडम म्हणाल्या. "घरातून बाहेर पडायचं तर दार उघडावंच लागेल ना."

"पुढं पाणी आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. ती मागं वळायच्या बेतात आली.

तेव्हा आरसेवाल्याच्या डोक्यातलं सगळं वैतागणं एकदम संपलं, किंवा इतकं झालं की त्याला आत मावेना. तो नव्या सदऱ्याची घडी मोडून आला होता. तसाच तो त्या चकचकीत तुकड्यावर सरळ उताणा झोपला. डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर. दोन्ही हात पसरले आणि छताकडे बघत म्हणाला, "बुडालो का? सांग, बुडालो का?"

"बाळ्या! ऊठ!"

"नाही उठणार. आधी सांग, भिजलो का?"

"अरे मेल्या, नवा सदरा आहे. मळेल ना!"

"मळेल?" तो मान उचलून ओरडला. "माझ्या फरशीवर सदरा मळेल? ये, ये बघायला! एक डाग दाखव!"

"लाज नाही वाटत एवढ्या माणसांत लोळायला? लहान होतास तेव्हाही दुकानासमोर असाच..." असं म्हणत ताईनं काठी पुढं टेकली, पाऊल टाकलं, परत टेकली, परत टाकलं, आणि त्याच्याजवळ येऊन काठीच्या टोकानं त्याच्या बरगडीत ढोसलं. "ऊठ म्हणते ना!"

"ताई," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "दार तुमच्या हाताशी आहे."

ताईनं दाराला हात लावला. मग खाली पाहिलं. आपण कुठं उभ्या आहोत हे तिला कळलं, आणि तिनं दाराची मूठ घट्ट धरली. पण पाय हलले नाहीत. ती उभी होती.

मोठ्या डॉक्टरांनी मॅडमकडे पाहून मान हलवली. "परवा घरी," मॅडम म्हणाल्या.

आरसेवाला उठून बसला. डोळे पुसायला त्यानं खिशातला रुमाल काढला आणि त्याच रुमालानं समोरच्या टाइलवरचा ताईच्या काठीचा ठसा पुसू लागला.

"परवाचं परवा," ताई वरून म्हणाली. "आता परत खोलीत कसं जायचं? लोळत लोळत पुढं चालणार आहेस का?"

"चालेन," तो म्हणाला. "तू नुसती शिव्या देत ये."