कल्पना सरांची

आमच्या नणंदबाईंना सगळी इमारत वाळवीताई म्हणते. कोणाच्या दाराच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली, कपाटाची मागची फळी पोकळ वाजली, की हिला बोलावणं येतं. लोकांना वाटतं, ही येईल आणि औषध मारून जाईल. ही जाते, गुडघे टेकून बसते, भिंग लावते, चार किडे बाटलीत घेते आणि त्या बिचाऱ्या घरमालकाला सांगते, "आठवडाभर हात लावू नका हं, मला परत बघायचंय." तळमजल्यावरच्या आजोबांनी एकदा मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "तुमची नणंद आमचं कपाट वाचवायला आली होती की वाळवी?" मी म्हटलं, "आजोबा, आमच्याकडे तरी कुठे वेगळं आहे?"

ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा कॉलेजात शिकत होती, आता त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. एम.एस्सी. पहिल्या वर्गात झाली, आणि काम काय, तर काचेच्या नळ्या धुवायच्या, पोरांना सूक्ष्मदर्शक लावून द्यायचे, पोरांनी ते फोडले की शिव्या खायच्या. नोकरी हंगामी. दर वर्षी ठेवतील की नाही, याची धाकधूक. पुढे शिकल्याशिवाय वर चढता येत नाही, आणि वाळवीवर पुढे शिकवणारं इथे कोणी नाही. म्हणून परदेशात जाऊन पीएच.डी. करायची हे तिच्या डोक्यात बसलं. आमच्या घरात कोणी विमान जवळून पाहिलेलं नाही. तरी आम्ही म्हटलं, कर बाई.

पण कर म्हणणं सोपं. शिष्यवृत्ती शोधणं हा स्वतंत्र धंदा आहे हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं! बाहेरच्या खोलीत, चपलांच्या फडताळाशेजारी तिचं टेबल. कामावरून आली की हातपाय धुऊन त्या टेबलाशी बसायची. एक शिष्यवृत्ती सापडायची, ती फक्त शेतीवाल्यांना. दुसरी सापडायची, ती जंगलवाल्यांना. जंगलवाले म्हणायचे, किडे आमच्याकडे येत नाहीत. किडेवाले म्हणायचे, लाकूड आमचा विषय नाही. अहो, मग वाळवीने खायचं काय? एक जागा म्हणायची, आधी विद्यापीठात प्रवेश मिळवा, मग पैसे देऊ. विद्यापीठ म्हणायचं, पैशांची सोय दाखवा, मग प्रवेश देऊ. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसला प्रकार. इंग्रजीची परीक्षा दिली, चांगली पास झाली. दोन वर्षांनी त्या निकालाची मुदत संपली म्हणून पुन्हा दिली. मुदत निकालाची संपते म्हणे, जसं काही हिचं इंग्रजी फ्रीजबाहेर राहून नासलं!

आणि ते प्राध्यापक. तिकडच्या कुठल्या कुठल्या प्राध्यापकांना ती पत्रं पाठवायची. प्रत्येकाचं काम आधी वाचायचं, त्यावर दोन ओळी लिहायच्या, मग आपलं सांगायचं. बहुतेकांचं उत्तर यायचं नाही. कोणी लिहायचं, सध्या जागा नाही, शुभेच्छा. तिला शुभेच्छा एवढ्या मिळाल्या की त्यावर माणूस जगत असता तर ती गलेलठ्ठ झाली असती. मी दाताच्या दवाखान्यात स्वागताला बसते. दिवसभर कण्हणाऱ्या माणसांना नंबर देऊन घरी यावं, तर ही आपली दिव्याखाली मान मोडून बसलेली. मला तिचा राग यायचा. खरं सांगते, तिचा नाही, त्या शुभेच्छा देणाऱ्यांचा. पण समोर तीच असायची, म्हणून तिच्यावरच निघायचा. "बाईसाहेब, त्या स्क्रीनमध्ये शिरायचं राहिलंय फक्त," असं मी म्हणायचे. ती हसायची. तिला राग येत नाही. हा तिचा मोठा दोष आहे.

आता तिचं काम काय होतं तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या मोरीच्या खिडकीला वाळवी लागली होती. चौकटीवरून मातीची नळी चढत होती, आणि ओलीमुळे तिथेच एक काळपट बुरशीचा डाग धरला होता. मी फडकं घेऊन गेले तर हिने माझा हात धरला. "वहिनी, बघा ना, नळी डागापाशी वळलीय." खरंच वळली होती. डागाला हात न लावता, लांबून फेरी मारून वर गेली होती. मी म्हटलं, "वळेल नाही तर काय, त्यांनाही घाण वाटत असेल." ती म्हणाली, "तेच तर. का वाटते?" पुढचे कित्येक दिवस मोरीची खिडकी पुसायला बंदी. आंघोळ करायची ती त्या डागाच्या साक्षीने. मग तिने ती बुरशी खरवडून प्रयोगशाळेत नेली, वाढवली, लाकडाच्या तुकड्यांना लावली आणि वाळवी सोडली. वाळवी भुकेने मेली, पण त्या लाकडाला तोंड लावलं नाही.

विभागाचे मुख्य म्हणजे सर. त्यांनी आधी उडवून लावलं होतं, मोरीच्या खिडकीवर संशोधन होत नसतं म्हणाले. तरी बाटल्या आणि कोपऱ्यातलं टेबल वापरू दिलं, एवढं खरं. पुढे शोधनिबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव सरांचं, दुसरं सूक्ष्मदर्शक देणाऱ्या बाईंचं, आणि तिसरं हिचं. मी म्हटलं, "खिडकी आमची, बुरशी आमची, डोकं तुझं, आणि नाव सरांचं?" ती म्हणाली, "वहिनी, तशीच पद्धत आहे. विभागातून काही बाहेर गेलं की पहिलं नाव सरांचंच." जणू मी पंक्तीत आधी कोणाला वाढायचं ते विचारलं होतं.

अशी वर्षं गेली. बहुतेक ठिकाणी पस्तिशीच्या पुढच्यांना घेत नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, हिचे चणे जमा होईपर्यंत दात पडायची वेळ आली. यंदाचं शेवटचं वर्ष होतं. यंदा नाही तर नाहीच, आणि मग जन्मभर नळ्या धुणं. हे ती बोलत नव्हती, आम्हीही बोलत नव्हतो, पण जेवताना सगळ्यांना माहीत असायचं. नवरा माझा एरवी बडबड्या. तोही ताटात बघून जेवायचा.

आणि यंदाच एका बाईंचं उत्तर आलं. तिकडच्या, वाळवीवर काम करणाऱ्या. त्यांनी तो निबंध वाचला होता. त्यांनी हिला प्रवेश देऊ केला, स्वतः शिष्यवृत्तीसाठी हिचं नाव पाठवलं, पूर्ण खर्चाची. चाळणी लागत लागत शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली. सरांकडून शिफारस मागवली गेली, त्यांनी ती परस्पर पाठवली. ही म्हणाली, सर बरं लिहितील. मी म्हटलं, लिहिलंच पाहिजे, एवढं खाल्लंय त्यांनी तुझं. ती मला म्हणाली, "वहिनी, असं नका बोलू."

मुलाखत स्क्रीनवर होती, दुपारची. मी दवाखान्यात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. टेबल चपलांपासून हलवून भिंतीला लावलं, मागे स्वच्छ चादर टांगली. शेजारच्यांना सांगून ठेवलं, आज मिक्सर लावू नका. आणि मी दाराआड उभी राहिले. नवरा म्हणाला, "असं चोरून ऐकू नये." मी म्हटलं, "मग तुम्ही कान बंद करा." तोही येऊन उभा राहिला.

फार छान बोलली हो. मला सगळं इंग्रजी कळत नाही, पण सूर कळतो. वाळवी कशी वास घेते, नळी कशी बांधते, सांगताना तिचे हात हलत होते. ती माणसं प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, हसत होती. मग एकाने विचारलं, अगदी सावकाश, मलाही कळेल असं. ही मूळ कल्पना कोणाची?

तिने हात मांडीवर घेतले. मग म्हणाली, "सरांची. मी फक्त मदत केली."

नवऱ्याने माझा दंड धरला, नाहीतर मी आत गेले असते. त्या माणसाने पुन्हा विचारलं, तुमचा स्वतःचा भाग कोणता? ती म्हणाली, सगळं सरांच्या मार्गदर्शनाखाली झालं. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं नाही. आभार मानले.

ती बाहेर आली तेव्हा मी तिला पाणीसुद्धा दिलं नाही. "जीभ झडली होती का तुझी? मोरीत सर आले होते का डाग बघायला?" ती खुर्चीत बसली. म्हणाली, "वहिनी, छापलेल्या निबंधावर सरांचं नाव पहिलं आहे. मी माझी म्हटलं असतं तर सर खोटे पडले असते. परक्या लोकांसमोर सरांना कसं खोटं पाडायचं?" मी कपाळावर हात मारून घेतला. बोलायला लागते तर रात्र पुरली नसती.

नकार आला. दोन ओळींचा, शुभेच्छांसकट. तिने तो वाचला, स्क्रीन बंद केली आणि कोणाच्या तरी चौकटीतली वाळवी बघायची राहिली होती ती बघायला गेली. मी रडले नाही. मला फक्त फार दमल्यासारखं झालं. मी भाजी चिरता चिरता तिथेच जमिनीवर बसले.

रविवारी सर घरी आले. कधी न येणारा माणूस. मी मनात म्हटलं, आले का, बरंच झालं, आज सोडत नाही. चहा ठेवला. वाळवीताई समोर उभी, बसायलाही तयार नाही. सरांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "त्या लोकांनी मला फोन केला होता. तुझ्या मुलाखतीनंतर."

ती म्हणाली, "हो का, सर."

"मी शिफारशीत लिहिलं होतं, कल्पना हिची, प्रयोग हिचे, माझं नाव केवळ विभागाच्या रिवाजाने पहिलं. मला वाटलं, तू जाण्याआधी तेवढं तरी नीट करावं. ते म्हणाले, मुलगी तर उलट सांगते. दोघांतलं एक कोणीतरी खरं बोलत नाही. मी परोपरीने सांगितलं. त्यांना वाटलं, मी भिडेखातर तुझी बाजू घेतोय." त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, तू असं का सांगितलंस?"

म्हणजे बघा. ज्यांना खोटं पाडायचं नाही म्हणून हिने सगळ्यावर पाणी सोडलं, ते हिच्या बोलण्यानेच खोटे पडले. माझ्या तोंडाशी सगळं तयार होतं, पण समोर तो म्हातारा होत चाललेला माणूस असा बसला होता की माझ्या शिव्यांना बसायला जागाच नव्हती. तरी मी बोललेच. म्हटलं, "सर, तुम्ही हे त्यांना कळवलंत. हिला कधी सांगितलं होतंत का? एकदा तरी, तोंडावर, की पोरी, हे तुझं आहे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. म्हणाले, "तिला माहीतच होतं की."

"तिला माहीत होतं," मी म्हटलं. "पण म्हणायची परवानगी नव्हती."

"वहिनी!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, आणि तेही त्यांच्यासाठी. "सरांशी असं बोलू नका."

सर उठले. निबंधातल्या नावांची दुरुस्ती छापून आणतो म्हणाले. ती म्हणाली, "कशाला सर, तुम्हाला त्रास." पायांत चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. ती त्यांना फाटकापर्यंत पोचवून आली. मी कपबशी उचलत होते.

तिने दारातूनच विचारलं, "सरांनी चहा घेतला का हो पूर्ण?"

"नाही," मी म्हटलं. "तसाच आहे."

"रागावले असतील," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा पडला, जसा नकार आला तेव्हाही पडला नव्हता. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.