मी 'हो'च्या बाजूने होते

गेल्या शनिवारी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गोदामात मी बंदूक घेऊन धावत होते. घाबरू नका... खेळातली, लेझरची. गुडघ्याला पट्टा आणि अंगात लाल दिव्यांचं जॅकेट.

झालं असं, की मी इथल्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. दरवर्षी आमच्याकडे स्टाफ विरुद्ध विद्यार्थी असा वादविवाद रंगतो. यंदाचा विषय होता, कॉलेजमधल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना सुरक्षेसाठी शस्त्र द्यावं का?

इथे यूएईत हा प्रश्न कुणाला पडतही नाही. आमच्या गेटवरच्या सिक्युरिटीकडे वॉकीटॉकी असतो, तेवढ्यावर भागतं. पण माझा मुलगा ओजस अमेरिकेत शिकतो, आणि त्याच्या कॉलेजात काही प्राध्यापक रीतसर ट्रेनिंग घेऊन पिस्तूल बाळगतात. कोण ते मुलांना ठाऊक नसतं... मला मात्र त्याचा केवढा आधार वाटायचा.

म्हणून 'हो'ची बाजू मी मागून घेतली. जोडीला आमचे फिजिक्सचे फिलिप सर, केरळचे, उंचेपुरे आणि अतिशय शांत. माझं सगळं भाषण एका वाक्यावर उभं होतं... ट्रेनिंग घेतलेला हात चुकत नाही. कोल्हापूरला एनसीसीत असताना मी नेमबाजीत पदकं मिळवली आहेत, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगायला मी मोकळी होते.

विद्यार्थ्यांची कॅप्टन सानिका. इथल्या अल मजाज भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये लहानाची मोठी झालेली पोरगी. बोलण्याआधी एकदा करून तर बघू या, असं म्हणत तिनेच त्या गोदामातल्या लेझर गेमचं बुकिंग केलं.

नियम साधे होते. मुलांमधला एक जण बंदूकधारी हल्लेखोर, पण कोण ते आम्हाला सांगायचं नाही. मी आणि फिलिप सर वेगवेगळ्या दारांनी आत शिरणार, बाकीची मुलं जीव वाचवत पळणार.

पहिल्या फेरीत मी हल्लेखोराला बरोबर टिपलं. फिलिप सरांनी सॅल्यूट ठोकला. मी सानिकाकडे असं बघितलं, की जणू ट्रॉफी घरी पोचलीच.

दुसऱ्या फेरीत दिवे मंद केले, भोंगा सुरू केला. मुलं ओरडत अंगावर येत होती... तेवढ्यात कोपऱ्यावरून कुणीतरी बंदूक रोखून धावत आलं. मी क्षणभरही थांबले नाही. नेम थेट छातीवर. समोरच्या जॅकेटचे दिवे विझले.

फिलिप सर होते. भिंतीला टेकून हळूच खाली बसले आणि म्हणाले, “मॅडम, मैं तो आपकी तरफ से था.”

अख्खं गोदाम हसलं. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण परतताना गाडीत एकदम लक्षात आलं. हात थरथरला नव्हता, नेम चुकला नव्हता... माणूस चुकला होता. उद्या ओजसच्या कॉलेजात भोंगा वाजला आणि तो हातात काहीतरी घेऊन पळत सुटला तर?

घरी पोचताच त्याला फोन लावला, गोदामातला सगळा प्रकार सांगितला. कधी असं झालंच तर हात रिकामे ठेव, फोनसुद्धा टाकून दे, तळवे दिसू देत, असं एका दमात सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “आई, रिलॅक्स. दे टोल्ड अस दॅट ऑन डे वन.” आणि मग हळूच, “डिड यू रिअली शूट फिलिप अंकल?”

वादविवादाच्या दिवशी बोलायला उभी राहिले. 'ट्रेनिंग घेतलेला हात' या वाक्यापाशी आले आणि ते काही तोंडातून निघेना. मग भाषण बाजूला ठेवलं आणि गोदामात काय झालं ते सांगून टाकलं. मी अजूनही 'हो' म्हणते, असं म्हणाले, कारण लांब बसलेल्या आईला वाटतंच की आपल्या लेकरासाठी तिथे कुणीतरी उभं राहावं. पण नुसता नेम पुरत नाही. गोंधळात आपलं माणूस ओळखायची तयारी नसेल, तर ती बंदूक कपाटातच बरी.

ट्रॉफी अर्थातच मुलांनी नेली. आपल्याच बाजूवर पाणी फिरवलं म्हणून फिलिप सर रागावतील, अशी मला धास्ती होती. ते मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले, दोन कडक चहा सांगितले. मग म्हणाले, की तसलंच एक वाक्य त्यांच्याही भाषणात होतं... भिंतीला टेकून बसल्या बसल्याच त्यांनी ते मनातून खोडलं होतं.

माझ्या चुकीनंतर समोरचा माणूस कपडे झटकून उठला आणि माझ्यासोबत चहा प्यायला. प्रत्येक चुकीच्या नशिबी एवढं नसतं. सानिका, हरवलंस त्याबद्दल मनापासून थँक यू गं...